कॅफेतल्या कॉम्प्युटरवर बायको

शपथेवर सांगतो, या किश्श्यात एक शब्दही खोटा नाही. बरं, दोन आहेत; ते शेवटी सांगतो.

बालाघाटला भाऊजींच्या घरचा कॉम्प्युटर चोरीला गेला, आणि दुसऱ्याच दिवशी माझी भाची सुजाता हिची मलाजखंडला नोकरीची मुलाखत. तिचा प्रोजेक्ट रिपोर्ट त्याच कॉम्प्युटरमध्ये! पोरगी मात्र निवांत.

बसमधून उतरल्यावर ती सरळ सायबर कॅफेत शिरली. तिनं नाव आणि पासवर्ड टाकला, तर पडद्यावर माझ्या ताईचा फोटो, घरच्याच सगळ्या फायली आणि तो रिपोर्ट! लगेच कॅफेवाल्याची कॉलर धरली गेली.

"चोट्ट्या! आमचा कॉम्प्युटर इथं आणून बसवला का बे?"

"अरे भाईसाब, ये तो दो साल से यहीं रखा है!"

"मंग माही बायको याच्यात काय करून राह्यली?"

"बाबा, सोडा त्याले!" सुजाता ओरडली. "मी सगळं इंटरनेटवर ठेवलं हाय. कुठूनबी उघडते."

कॉलर सुटली, रिपोर्ट छापला, पोरीला नोकरी लागली. कॅफेवाल्यानं वर चहाही पाजला.

आता ते दोन शब्द. 'बायको'च्या जागी 'बहीण' घाला आणि 'बाबा'च्या जागी 'मामा'. भाऊजी तर त्या दिवशी घरीच होते.