नुसतं ‘हो’

मला विमानाचा नाद होता, पण कॉम्प्युटरवरच्या खेळातल्या. जालन्याला नवं नेट घेतल्तं. त्यावर खेळताना विमानांना वाट दाखवणारा कंट्रोलर हेडफोनमधून उंची, दिशा सांगायचा अन् ते सगळं त्याला परत म्हणून दाखवावं लागायचं. माझ्या ध्यानात राहायचं न्हाई. मी नुसतं ‘यस सर’ म्हणायचो, तो पुन्हा विचारायचा.

एकदा वैतागून वडलांना म्हणलो, “अप्पा, हा शाळेसारखं पाठ म्हणून घेतो. खेळच आहे ना!”

अप्पा वायरमन होते. म्हणले, “त्याचं बराबर आहे. खांबावर चढायच्या आधी मी सबस्टेशनला फोन करतो, पिंपळगावची लाइन बंद कर. त्यानं लाइनचं नाव परत म्हणलं, तरच चढतो.”

“पहिल्यापासून?”

अप्पांनी तीन बोटांचा उजवा हात माझ्यापुढं धरला.

“न्हाई. आधी तो नुसतं हो म्हणायचा.”