चामड्याला लावलेलं तेल

बालाघाटच्या बसस्टँडवर मंजुषा लालबर्र्याच्या बसची वाट पाहत बसली होती. शेजारी तिच्या ओळखीचा, गाड्यांच्या सीटा शिवणारा हिरालाल आणि त्याची बायको आनंदी. दोघांच्या मधे गोणपाटात गुंडाळलेली, डॉक्टरांच्या जुन्या मोटारीची सीट होती.

“साठ वर्सांचं अस्सल चामडं आहे हे. डॉक्टरसाहेब म्हने, रेक्झिन लावशीन तं मले गाडीच नोको. दोन महिने टाका टाका उसवून शिवलं मी.”

“मंग आता तोंड काहून उतरलं तुमचं?”

“काल मी चामड्याले चोळलं, ते तेल कोनत्या बाटलीतलं देल्लं तू?”

“हिरव्या.”

“हिरवीत तं जवसाचं राह्यते. मी मोहाचं मांगतलं होतं. जवस सुकते, चामडं पापडावानी कडक होते. महिन्याभरात भेगा पडतीन. असं चामडं आता कुठून आनू?”

“मले काय मालूम जी? बाटल्या धुतल्या, पुन्हा भरल्या. हिरवीतलं तं काल सकाळी थिजलं होतं. चुलीपाशी ठेवून पातळ केलं, मंग तुमाले देल्लं.”

मंजुषाने मोबाईल मांडीवर ठेवला.

“थिजलं होतं? पक्कं?”

“हौ. तुपावानी.”

“जवस आपल्या थंडीत थिजत नाही, आनंदी. मोहाचंच थिजते.”

हिरालालने गोणपाटात हात घालून चामडं चाचपून पाहिलं.

“चाल, बस आली.”

“थांबा न. मंग दुसऱ्या बाटलीतलं मोहाचं समजून मी हप्ताभर माह्या गुडघ्याले काय चोळून राह्यली?”

“जवस,” मंजुषा म्हणाली.

“अन् मी म्हनतो, हे गुडघे वाकून काहून नाही राह्यले,” हिरालाल हसला.

“हसू नका. हात द्या.”