मामांनी मला दुसऱ्या संघाला दिलं

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मामी, तुम्ही गावाकडून फोनवर ऐकताय, तुम्हालाही नमस्कार. बोलायला उभा राहिलोय. अडखळलो तर सांभाळून घ्या.

मी अभिजित. इंजिनिअर, इथं आखातात ओल्ड एअरपोर्ट भागात राहतो. आपले दत्तूमामा हमद पोर्टवर क्रेन चालवायचे आणि सुट्टीच्या दिवशी आपल्या क्रिकेट स्पर्धेतला एक संघ चालवायचे. गेल्या महिन्यात सुट्टी घेऊन गावी गेले, आणि तिथंच हृदयविकारानं त्यांना नेलं.

उन्हाळ्यात आपले सामने बंद असतात. तेव्हाच संघ आपसात खेळाडू बदलून घेतात. आपण सगळे तेव्हा काय करायचो? एसीत बसून कुणाच्या किती धावा, ते मोजायचो. मामा मात्र पहाटे पाचला, ऊन चढायच्या आत, कामगारांच्या वस्तीजवळ खेळणाऱ्यांना बघायला जायचे. झेल सुटल्यावर कोण दुसऱ्यावर ओरडतो आणि कोण गप्प पुढच्या चेंडूला उभा राहतो, हे बघायचे.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी मला बदललं. मला! संघात सगळ्यात जास्त धावा माझ्या. मला तळाच्या संघाला दिलं आणि माझ्या बदल्यात गणपतला घेतलं. गणपत, तू समोरच बसलायस, राग मानू नकोस. तेव्हा माझ्या लेखी तू फक्त लातूरकडचा एक बसड्रायव्हर होतास. ग्रुपवर सगळ्यांनी लिहिलं, मामांचा संघ यंदा खलास. मीही लिहिलं. मग तावातावानं त्यांच्या खोलीवर गेलो, माझं काय चुकलं म्हणून विचारलं.

त्यांनी आधी चहा दिला. मग म्हणाले, "लेका, तू चांगला खेळतोस, त्यात वाद न्हाई. पण आमच्यात तू नुसता फलंदाज हाईस. तिकडं अकरा जणांचं तुला बघावं लागंल."

मी चहा अर्धा टाकून निघालो. चार महिने त्यांच्याशी बोललो नाही. याची आजही लाज वाटते.

पण तिकडं खरंच मला कर्णधार केलं. पहिले तीन सामने हरलो. मग हळूहळू कळायला लागलं, कुणाची रात्रपाळी असते, कुणाला घरचा फोन येऊन गेला की हात चालत नाही. तो तळाचा संघ उपांत्य फेरीत पोचला. समोर कोण? मामांचा संघ. मला बाद कुणी केलं? गणपतनं. डाव्या हातानं टाकलेला तो चेंडू मला अजून समजलेला नाही.

आम्ही हरलो. मामा आपल्या लोकांकडे गेले नाहीत, आधी माझ्याकडे आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता तुझा संघ झाला."

मित्रहो, आपल्याला निवडणारे पुष्कळ भेटतात. आपल्या भल्यासाठी आपल्याला सोडणारा माणूस किती जणांना भेटतो? मला भेटला. त्यांनी मला दुसऱ्याला दिलं, हे मी आज ताठ मानेनं सांगतो.

या उन्हाळ्याची अदलाबदल अजून व्हायची आहे. सल्ला विचारायला आता कुणी नाही. चुकू, पण माणूस बघून चुकू.

चला, उभे राहूया. दोन मिनिटं कुणी बोलू नका. मामांना सांगायचं ज्याचं जे राहून गेलं असेल, ते त्यानं मनातल्या मनात सांगावं.