उमाबाईंचे सात तास

...नाही, पण मला एक सांगा, अर्थशास्त्रात एम.ए. केलेल्या माणसाला पोहता आलं पाहिजे असं कुठल्या जाहिरातीत लिहिलं होतं? जाहिरात मी स्वतः वाचली होती, कात्रण आहे माझ्याकडे, 'मासेमारी व्यवसायाच्या आर्थिक सर्वेक्षणासाठी पदवीधर पाहिजेत, सायकल असल्यास प्राधान्य.' आता पाण्यावर काय करायची सायकल? पण मी आपला एसटीच्या टपावर सायकल टाकून नांदेडहून लातूरला आलो, अठ्ठ्याण्णव साली, कारण मला हा देश बदलायचा होता, आणि तो जरा लवकर बदलायचा होता, एकतीस मार्चच्या आत, कारण कंत्राट तेवढंच होतं.

काम काय, तर अगदी साधं. शिरूर अनंतपाळच्या पुढे एक तलाव आहे, त्यावर एक्केचाळीस घरं मासे धरतात, त्यांची सहकारी संस्था आहे. प्रत्येक घरी जाऊन विचारायचं, रोज किती तास पाण्यावर असता, किती किलो निघतात, जाळी किती, बर्फ किती लागतो, विकता कुणाला... छत्तीस प्रश्न. मग आमचे साहेब किलोला तासांनी भागणार. तासाला दोन किलोच्या वर गेलं तर तलाव धडधाकट, राहू द्या संस्थेकडे. दोनच्या खाली आलं तर तलावात मासे कमी आणि धरणारे जास्त, संस्थेचा ठेका रद्द, लिलाव, आणि जो कोणी मोठा ठेकेदार बोली लावेल तो बाहेरून आपली माणसं आणणार. म्हणजे बघा, माझ्या एका भागाकारावर एक्केचाळीस चुली. आणि साहेब चष्मा पुसत म्हणाले, "रेणुकादास, एक जरी फॉर्म बनावट निघाला ना, तर तुम्ही घरी आणि ती संस्थाही घरी."

भिण्यासारखं काही नव्हतं, तुम्हाला सांगतो. फक्त माझ्या हातातलं पेन खाली पडलं, आणि ते उचलायला वाकलो तर साहेब म्हणाले, "असू दे, असू दे, पाया कशाला पडताय."

राहायला लातूरला खोली. खाली, वर, डाव्या हाताला, उजव्या हाताला सगळीकडे क्लासची मुलं, बारावीची, भिंतीतून रात्रंदिवस रसायनशास्त्र ऐकू येतंय. आणि घरमालकांनी जिन्यात स्टीलचे सात पेले एकावर एक उपडे रचून ठेवलेले. भूकंपाला पाच वर्षं होऊन गेली होती, पण पेले रोज रचायचे; पेले पडले की जमीन हलली समजायचं आणि पळायचं. आता पेल्याला काय, उंदीर शिंकला तरी तो पडणार. पहिल्याच दिवशी पडले. तेहतीस पोरं रस्त्यावर, एकाच्या पायात चप्पल नाही, पण प्रत्येकाच्या हातात नोट्स. मी म्हटलं, अरे, जीव वाचवताना नोट्स कसल्या घेता? तर एक जण म्हणतो, "सर, ह्या बॅचच्या परत मिळत नाहीत." भिण्यासारखं काही नव्हतं. मी अगदी शांतपणे उतरलो होतो, फक्त त्या तेहतिसांच्या आधी उतरलो होतो, इतकंच.

तर सर्वेक्षण. पहिला पंढरी नावाचा माणूस. किती तास? "तीन." किती किलो? "नऊ." बर्फ? "दोन लादी." दुसरं घर. तीन, नऊ, दोन लादी. मला बरं वाटलं, म्हटलं आकडे जुळतायत, शास्त्र आहे हे. चौथं घर, सातवं घर, तीन, नऊ, दोन लादी. अकराव्या घरात एक माणूस तीन दिवसांच्या तापानं घोंगडीत कुडकुडत पडलेला, त्याचेही कालचे नऊ किलो. आणि शरणम्मा म्हणून बाई, तिला मी प्रश्न पंधरा विचारला, तिनं उत्तर दिलं सोळाचं, मग जीभ चावून म्हणते, "थांबा जरा सर, एक सुटला."

बनावट फॉर्म! एक नाही, एकवीस! धावत बांधावर आलो, तिथं निजामोद्दीनभाई काटा लावून बसलेले, तलावाचा सगळा मासा हेच घेतात आणि बर्फात घालून नांदेडला पाठवतात. मला बघून म्हणतात, "क्या बाबू, सब पास हुए क्या?"

मी म्हटलं, पास?

"शरणप्पा सर ने पंधरा दिन पढ़ाये ना सबको. मेरे बरफ के शेड में. बोर्ड मैंच दिया."

शेडमध्ये गेलो. फळा. फळ्यावर खडूनं, 'प्र. ५. पाण्यावर किती तास? (हमखास).' त्याच्याखाली, 'तीन. अडखळू नये.' हे शरणप्पा सर लातूरला गणिताचे क्लास घ्यायचे, मोठ्या क्लासवाल्यांनी पोरं ओढली तेव्हा गावी परत आले. मी म्हटलं, सर, हे काय करून ठेवलंत? म्हणाले, "सराव." मी म्हटलं, तुम्हाला प्रश्न कळले कसे? म्हणाले, "मागच्या महिन्यात विष्णुपुरीला हाच पेपर होता. आमचा जावई आहे तिथं. छापील पेपर म्हटला की फुटणारच, रेणुकादासराव, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मी भाषण केलं. सत्यावर केलं, आकडेवारीवर केलं, राष्ट्रावर केलं. शरणप्पा सर मान डोलवत होते, मुद्दे लिहून घेत होते. आणि मागून संस्थेच्या अध्यक्ष उमाबाई आल्या, साठीच्या, डोक्यावर ओलं जाळं, आणि म्हणाल्या, "झालं का बोलून? आता माझं आइका. भूकंपाच्या साली बी असंच कागद घिऊन एक पोरगं आलतं, तुमच्यावानीच, गोरं गोमटं. म्हनलं, आज्जी, घर पडलं का? मी खरं सांगितलं, एक भिंत उभी हाय. त्यानं लिहिलं, अंशतः. शेजारीन म्हनली, समदं गेलं. तिला नवं घर भेटलं, मला बारा पत्रे. ती भिंत मी मग सोताच पाडली, पर तवर त्याचा कागद भरला हुता."

मी हळूच विचारलं, उमाबाई, खरे तास किती?

शरणप्पा सर खोकले. उमाबाई म्हणाल्या, "सात."

आणि किलो?

"किलो नऊच."

नऊ भागिले सात. तुम्ही करा बघू. सव्वा किलो. सव्वा! म्हणजे खरं लिहिलं तर तलाव गेला, खोटं लिहिलं आणि पकडलं गेलं तरी तलाव गेला, आणि दोन्हीकडे सही रेणुकादासची. भिण्यासारखं काही नव्हतं, तुम्हाला सांगतो, फक्त मी बर्फाच्या लादीवर बसलो होतो हे मला पाच मिनिटांनी कळलं.

"बगायचं तर सोता या," उमाबाई म्हणाल्या. "सकाळी तीनला."

तीनला कुठली सकाळ? पण गेलो. मला वाटलं होतं नाव असेल. नाव नाही हो... थर्माकोलचे चार ठोकळे, वर बांबू, बांबूवर पोतं. उमाबाई म्हणतात, "बसा. पोहता येतंय न्हवं?" मी म्हटलं, तत्त्वतः. म्हणाल्या, "मंग हालू नका." तुम्हाला सांगतो, मी श्वाससुद्धा आळीपाळीनं घेत होतो, एकदा डाव्या नाकपुडीनं, एकदा उजव्या, तोल जायला नको म्हणून. खाली काळं पाणी, वर काळं आभाळ, आणि हळूहळू डोळे सरावले तसं दिसलं, आजूबाजूला सगळे तराफे. चाळीसच्या चाळीस. आणि कोणीच काही करत नाहीये. जाळं नाही, वल्हं नाही. कोणी बिडी ओढतंय, कोणी गुडघ्यात मान घालून झोपलंय.

मी म्हटलं, जाळं कधी टाकायचं?

"उजाडल्यावर. सातला."

मग आत्ता?

"आत्ता बसायचं."

मला संताप आला. चार तास? या देशाचं मनुष्यबळ चार तास पाण्यात नुसतं बसून आहे? उत्पादकतेचं काय? मी हे सगळं बोललो, हळू आवाजात, तराफा हलू नये म्हणून. उमाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चारला चार मिन्टं कमी हुती, जमीन हालली तवा. तवापासून ह्या टायमाला पत्र्याखाली डोळा लागत न्हाई बगा. कुनाचाच न्हाई. पयल्यांदा मी एकटीच यायची, मंग एकेक करून समदे याया लागले. हितं डोक्यावर पडाया काई न्हाई."

मी वर बघितलं. खरंच काही नव्हतं.

बाजूच्या तराफ्यावरून पंढरी म्हणाला, "किती वाजले वं साहेब?" मी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. तीन पंचावन्न. सांगितलं. बिड्या विझल्या. कोणी बोललं नाही, खोकलं नाही. उमाबाईंनी एका हातानं बांबू धरला आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट. भिण्यासारखं काही... जाऊ द्या. मीही बांबू धरला. मग कोणीतरी पाण्यात थुंकलं, कोणीतरी म्हणालं, "गेली वेळ," आणि चाळीस तराफ्यांवर पुन्हा गप्पा सुरू झाल्या.

सातला जाळी पडली, दहाला निघाली. निजामोद्दीनभाईंच्या काट्यावर नऊ किलो. नऊ भागिले तीन. तीन किलो तासाला. शरणप्पा सरांचं उत्तर बरोबर होतं हो, नुसती रीत दाखवलेली नव्हती!

मग मी रीत दाखवली. पट्टी घेतली आणि एक्केचाळीस फॉर्मांवर नवा रकाना आखला. पाण्यावर तास, सात. पैकी भीतीचे, चार. पैकी मासेमारीचे, तीन. आणि नेऊन ठेवले साहेबांपुढे.

साहेब बघतायत. पंखा फिरतोय. साहेब म्हणाले, "सव्वीस वर्षं झाली मला खात्यात. कावळ्यांनी नेलेल्या माशांना रकाना आहे. भीतीला नाही."

मी म्हटलं, साहेब, ते चार तास धरले तर तलाव जातो. आणि त्या चार तासांत कोणी मासे धरत नाही, मी बघितलंय.

"कितीला जातात म्हणालात?"

तीनला. चारला चार मिनिटं कमी असतात तेव्हा...

"मला नका सांगू वेळ," साहेब म्हणाले. "मी औशाचा आहे." चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. "आम्ही गच्चीवर असतो त्या वेळेला. मिसेस थर्मास भरून ठेवतात." आणि केली सही. तासाला तीन किलो. तलाव संस्थेकडे राहिला, शरणप्पा सरांनी पेढे वाटले, शंभर टक्के निकाल म्हणून.

इथं थांबलं असतं तर मी तुमच्यापुढे कशाला उभा राहिलो असतो? पण वरच्या कार्यालयाला तो रकाना आवडला. फार आवडला. नवा फॉर्म छापून आला, सगळ्या तलावांसाठी. 'प्रश्न ३७. पाण्यावरील एकूण तासांपैकी भीतीचे तास.' माझं कंत्राट वाढलं, आणि मला पाठवलं कुठं, तर किनवटला. तिकडं भूकंपाची नुसती बातमी पोचलेली. जंगलातला तलाव, एकोणतीस घरं, आणि पहिल्याच घरचा म्हातारा इतका सरळ माणूस की विचारायच्या आधी खरं सांगतो. सहा तास पाण्यावर, सहाही तास जाळं चालू, आठ किलो. मी मनात भागाकार केला. एक पूर्णांक तेहतीस.

मी म्हटलं, काका, यातले भीतीचे तास किती?

"भेव?" म्हणाला. "कशाचं भेव?"

कशाचंही. पाण्याचं, जनावराचं, कशाचंही चालतं.

म्हातारा विचारात पडला. बायकोकडं बघितलं, माझ्या कागदाकडं बघितलं, मग जवळ सरकून म्हणतो, "साहेब, किती असायला पायजेत?"

आता मी काय करणार होतो? मी त्याच्या मागची घरं मोजली. इकडं तिकडं बघितलं. भाषण सगळं पाठ होतं मला, सत्यावरचं, राष्ट्रावरचं...

"चार सांगा," मी म्हटलं. "चार चालतात."