घरची वांगी, बाजारची वांगी

हसायचं असेल तर हसा, पण पुरतं ऐका. भाजीतलं फवारणीचं औषध ओळखणारं, मोबाइलएवढं यंत्र घेऊन एक मॅडम शेतावर आल्या. मी ऐटीत वांगं दिलं. त्यांनी यंत्राच्या पट्टीवर त्याचा रस टाकला. वांगं स्वच्छ निघालं.

“बघा माझा माल!” मी म्हणालो.

सून म्हणाली, “मामा, ते घरी खायच्या वाफ्यातलं हाय. त्याला आपण फवारतच न्हाई. बाजाराचं द्या की.”

दिलं. यंत्रावर लाल दिवा लागला.

मॅडमनी विचारलं, “काका, हा माल वसमतच्या बाजारात जाणार?”

“न्हाई,” म्हणालो आणि बाजारासाठी भरलेली पाचही क्रेट खड्ड्यात ओतली.

सुनेनं विचारलं, “मग आता?”

“घरचा वाफा उद्या मोडायचा. लोकांना घालायचं, तेच आधी आपण खायचं.”