ठमीनं मोजलेला पाऊस

(१९८८ चा श्रावण, सकाळचे साडेदहा. ठमी डोंगरातल्या पाऊस मोजायच्या चौकीवरून फोनवर. नागोराव बोईसरच्या पूर-कचेरीत.)

ठमी : ऐंशी मिलिमीटर, भाऊ. साडेआठनंतरचा ऐंशी.

नागोराव : ऐंशीच? इथं फोनातून तर आभाळ फाटल्यागत ऐकू येतंय.

ठमी : फाटलंयच. पत्र्यावर नुसता धबाधबा.

नागोराव : ऐंशीवर मी काय करू, ठमाबाई? दीडशेच्या पुढं गेल्याबिगर नाल्याकाठच्या खोल्या रिकाम्या करा म्हणता येत नाही. गेल्या साली घाईनं सांगितलं. लोकं भांडीकुंडी घेऊन शाळेत जाऊन बसली, अन् पडलं काय? ऊन! अजून रस्त्यात विचारतात, “नागोबा, आज छत्री घेऊ का?”

ठमी : मंग नका सांगू. पन भाऊ... बुधाची रातपाळी सुटली आसंल ना?

नागोराव : घोरत पडला असंल. का गं? नवऱ्याचं नाव काढायचं नाही म्हणली होतीस.

ठमी : आवणीला आला नाय. चिखलात एकटीनं भात लावला मी. राग यायचा नाय? पन त्याची खोली नाल्याला लागून हाय. आन झोपला की मेला तो.

नागोराव : थांब जरा. साडेआठला पावसाची बाटली रिकामी केलीस. मग आत्तापर्यंत हात नाही लावला?

ठमी : मदी काठोकाठ भरली व्हती. सांडू द्यायचं नाय, तुमीच सांगितलं. म्हनून ओतून दिली.

नागोराव : ओतून दिलीस! अन् मोजली नाहीस?

ठमी : मोजायचा टाइम कुठं झाला व्हता? तुमीच म्हनता, टाइमाबिगर मोजायचं नाय.

नागोराव : अगं माय माझे! भरली बाटली म्हंजे शंभर. शंभर अन् ऐंशी, एकशे ऐंशी झाले की. दोन तासांत!

ठमी : चुकलं माजं?

नागोराव : तुझं नाही, माझं. शिकवलं तेच अर्धवट. तुझ्याकडचं पाणी तीन तासांत इथं येतंय, अन् पावणेदोनला भरती. खाडी पाणी घ्यायची नाही, सगळं खोल्यांत शिरणार.

ठमी : भाऊ, बुधाला उठवा!

नागोराव : (शिपायाला) नरहरी! सायकल काढ, नाल्याकाठी सूट. आधी बुधाचं दार वाजव, नाही उघडलं तर तोड. ठमाबाई, रडू नको. दर अर्ध्या तासाला मोज. ठेव आता.

ठमी : (सव्वाअकरा, पुन्हा फोनवर) भाऊ, मीच परत. साडेअकराचं मोजायचं हाय आजून, पन पाऊन तास झाला. जीव थाऱ्यावर नाय माजा.

नागोराव : हा बघ, समोर उभा आहे, लुंगीवर. घे, बोल.

बुधा : हां.

ठमी : निघालास?

बुधा : सगळीच निघाली. पयलं कोन हालंना. नरहरी वरडतोय आन लोकं हसतात, नागोबाचं पंचांग म्हनून. मी म्हटलं, पंचांग नाय, माज्या बायकोनं मोजलंय. ती खोटं मोजत नाय. आन माजी वळकटी उचलली. मंग शेजारच्या रंभाबाईनं स्टो उचलला, आन सगळी मागं आली.

ठमी : आसं बोललास? सगळ्यांसमोर?

बुधा : मंग काय. खरं तेच.

ठमी : मी तर तुज्यावर रागावले व्हते.

बुधा : ठाऊक हाय. रागावलीस तरी उठवलंस ना.

ठमी : घाबरले रे मी. लई घाबरले.

बुधा : भाऊ म्हनतात, फोन ठेव, तुला साडेअकराला मोजायचं हाय.

ठमी : दहा मिनटं हायेत आजून.

बुधा : मंग काय बोलू?

ठमी : काय पन बोल. तुजा आवाज येऊ दे.