परतीच्या तारेतला श्वास

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्षमहाराज, शेजारी बसलेले मानाचे पाहुणे, स्टुडिओतली सगळी मंडळी, आणि खुर्ची न मिळाल्यानं भिंतीला टेकलेल्या लेकरांनो, सगळ्यांना माझा नमस्कार. सुनेच्या निरोपाला सासू बोलायला उठली म्हणजे सुनेचा जीव टांगणीला. बघा कशी डोळे वटारतेय.

शाळेशी माझं फारसं जमलं नाही. पण आवाज मिसळायचं हे भलंमोठं कन्सोल मला तोंडपाठ आहे, कारण रोज दुपारी डबा घेऊन यायचं आणि सूनबाईच्या मागे बाकावर ठाण मांडायचं. गाणाऱ्याचा आवाज माईकमधून तारेत शिरतो तेव्हा अगदी मरतुकडा असतो. सूनबाई पहिल्या बटणानं त्याच्यात जीव आणते. मग खालची बटणं पिळून कुणाचा घोगरेपणा काढ, कुणाची धार कमी कर. मग ती सरकपट्टी, फेडर म्हणतात तिला. फेडर जेवढा वर, तेवढा आवाज पुढे. शेवटी सगळे आवाज एका तारेत गुण्यागोविंदानं नांदतात. आमच्या घरात हे कधी जमलं नाही, असो.

एक बटण मात्र वेगळं. ते फिरवलं की थोडा आवाज मागच्या रिकाम्या खोलीत जातो. भिंतींनाही फरशी असलेली खोली. तिथला स्पीकर वाजतो, समोरचा माईक ऐकतो, आणि घुमलेला आवाज दुसऱ्या फेडरवर परत येतो. ती खोली माझ्या मुलानं बांधून घेतली, एकेक फरशी वाजवून बसवली. खोली तयार झाली आणि तो गेला. दुखणं होतं. त्यावर आज बोलत नाही.

पुढे एका दुपारी सूनबाईनं आत काही न पाठवताच परतीचा फेडर वर केला, आणि स्वतःचे हेडफोन माझ्या कानाला लावले.

"आई, ओळखता?"

आत कुणीतरी श्वास घेत होतं. आधी अर्धा, थांबून मग उरलेला. माझा मुलगा लहानपणी खोटी थाप मारायच्या आधी घ्यायचा, अगदी तस्सा. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

दुरुस्तीवाले आले, तारा बदलल्या, माईक बदलला, हवेच्या नळीतून येतंय म्हणाले. म्हणोत बापडे. श्वास येतच राहिला. भ्यायचं कशाला? पोटच्या पोराला कुणी भितं का? पण निवृत्ती जवळ आली तशी सूनबाईची झोप उडाली. उद्या परक्या हातानं तो फेडर खाली ओढला की हा आत एकटाच कोंडणार, हा तिचा घोर.

आज सकाळी माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या खोलीत गाणाऱ्यांचे आवाज गेले, घरचं कुणी कधी बोललंच नाही. सूनबाईनं माईक माझ्यापुढे धरला, ते बटण फिरवलं. मी म्हटलं,

"चल बाळा, घरी जाऊ. ती आता घरीच असणार आहे."

माझाच आवाज घुमून परत आला. मग अर्धा श्वास. उरलेल्याची वाट बघत आम्ही बसलो. तो तारेतून आला नाही. तो आला आमच्या दोघींच्या मधून. सूनबाईनं तेव्हाच, आपल्या हातानं, फेडर खाली घेतला.

तुम्ही माझ्या सुनेला जपलंत, हे उपकार फिटायचे नाहीत. अध्यक्षांनी म्हातारीला बोलू दिलं, त्यांचेही आभार. जीभ सैल सुटली असेल तर पोटात घाला. आणि गाडीवाल्याला तेवढं सांगा, फुलांचे गुच्छ डिकीत ठेव म्हणावं. मागच्या सीटवर, आमच्या दोघींच्या मधे, काही ठेवू नकोस.